कुणी न मागितलेली भरपाई

एकदा एका संथ नदीच्या काठी सिद्रामअप्पा नावाचे एक वृद्ध कारागीर राहत असत. गालिचे धुणे हा त्यांचा व्यवसाय. आसपासच्या गावांतून लोक आपले गालिचे आणि जाजमे बैलगाडीत घालून त्यांच्याकडे आणीत. अप्पा ते रिठ्याच्या पाण्यात धूत आणि काठावरच्या सपाट खडकांवर वाळत घालीत. दुपारच्या वेळी पलीकडून पाहणाऱ्याला वाटे, की कुणीतरी चार-दोन बागाच उचलून आणल्या आहेत आणि त्या उन्हात निवांत पडल्या आहेत.

दिगंबर हा त्यांचा शिष्य. वयाची तिशी ओलांडलेला. पूर्वी तो एका पेढीवर कारकून होता. मालकाचा गालिचा पोचवायला म्हणून तो इथे आला, पाण्याखाली रंग उजळताना पाहत उभा राहिला, आणि महिन्याभरात पेढी सोडून अप्पांच्या दारी शिकायला हजर झाला. त्यालाही आता चार वर्षे झाली होती. हात चांगला होता. खोड एकच, काम करता करता तो हरवून जाई. प्रवाहात हलणारी विणलेली पाने, फुले पाहताना ती खरीच आहेत आणि आपण त्यांच्यामधून चाललो आहोत, असे त्याला वाटू लागे. अप्पा वरून हाक मारीत, "दिगंबर, परत ये रे!" मग तो दचकून हसे आणि कुंचा हातात घेई.

एका चैत्रात अप्पा आठ दिवसांसाठी लेकीच्या गावी गेले होते. त्याच वेळी तीन कोसांवरच्या गावाहून अंबूताई नावाच्या एक प्रौढ बाई गाडी घेऊन आल्या. त्यांनी स्वतः खाली उतरून, दोन्ही हातांनी आधार देत, एक गालिचा उतरवून घेतला. निळ्या जमिनीवर नऊ पांढरे हंस, आणि भोवती डाळिंबी लाल किनार.

"माझ्या वहिनीचा आहे हा," त्या म्हणाल्या. "ती गेली तेव्हा तिची वेणू सात वर्षांची होती. जाताना मला म्हणाली, वेणूच्या लग्नात हा तिला द्या. बारा वर्षं सांभाळला मी. आता तीन आठवड्यांवर लग्न आलंय. नीट धुऊन द्याल ना?"

"काळजी करू नका, ताई," दिगंबर म्हणाला.

अप्पांचा एक दंडक होता. गालिचा पाण्यात घालण्याआधी त्याच्या प्रत्येक रंगावर ओला पांढरा फडका दाबून पाहायचा. फडक्याला रंग लागला तर तो गालिचा गार पाण्यात, लिंबासारखे काही आंबट टाकून, हळूहळू धुवायचा. दिगंबरला हे पाठ होते. पण त्या दिवशी दुपार कलली होती, रिठे भिजवलेले नव्हते, आणि हंस इतके सुंदर होते, की ते एकदा पाण्यात तरंगताना पाहावेत अशी त्याला घाई झाली. त्याने ऊन पाणी केले, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि गालिचा हौदात सोडला.

मग तो काठावर बसून राहिला. वारा पडला होता. पाणी हलकेच डुलत होते आणि हंस खरोखरच चालल्यासारखे दिसत होते. थोड्या वेळाने त्यांच्याभोवती एक गुलाबी धुके पसरू लागले. सूर्य खाली आला असावा आणि आकाशाचा रंग पाण्यात उतरला असावा, असे दिगंबरला वाटले. किती वेळ तो ते पाहत होता कोण जाणे. आयुष्यात इतके मोहक काही आपण पाहिले नाही, असेही त्याच्या मनात येऊन गेले. मग त्याने सहज वर पाहिले. आकाश अजून पांढरेशुभ्र होते.

त्याने धावत जाऊन गालिचा बाहेर ओढला, गार पाणी ओतले, पुन्हा ओतले. उपयोग झाला नाही. किनारीचा लाल रंग सुटून नऊच्या नऊ हंसांच्या पंखांत आणि मानांत शिरला होता.

तिसऱ्या दिवशी अंबूताई गालिचा न्यायला आल्या. घडी उलगडली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

"हे काय झालं?"

खोटे बोलायचे असे दिगंबरने ठरवले नव्हते. त्याच्या तोंडून फक्त एक प्रश्न निघाला. "ताई, गालिचा ठेवला होतात ती खोली दमट होती का?"

अंबूताई विचारात पडल्या. "सहा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात कौल फुटलं होतं खरं. पण पेटीपर्यंत पाणी आलं नव्हतं." मग त्यांचा आवाज खाली गेला. "म्हणजे, आलं नव्हतं असं मला वाटलं. मी पेटी उघडून कुठे पाहिली?"

"तेच झालं असेल," दिगंबर म्हणाला. "ओल लोकरीत शिरली की रंग आतून कच्चा होतो. मग धुताना सुटतो."

त्यांनी गालिच्याची घडी पुन्हा घातली. शेवटी त्यांनी पदराच्या गाठीतून ठरलेली मजुरी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "तुमचा काय दोष यात," असे म्हणून गालिचा गाडीत ठेवायला लावला आणि त्या निघून गेल्या.

अप्पा परतले तेव्हा दिगंबरने त्यांना सगळे सांगितले. ऊन पाणी, सोडा, न लावलेला फडका, काहीच लपवले नाही. अप्पांशी खोटे बोलणे त्याला जमत नसे. पण शेवटी तो म्हणाला, "नशीब, अप्पा, की भांडण झालं नाही. त्यांनी भरपाईसुद्धा मागितली नाही. उलट मजुरी देऊन गेल्या."

अप्पांनी मान हलवली. एवढेच. ते रागावले नाहीत, तेव्हा दिगंबरचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाहिले, तर अप्पा स्वतःच्या बैठकीतला गालिचा गुंडाळत होते. तो त्यांना त्यांच्या गुरूंनी दिला होता आणि चाळीस वर्षे ते रोज त्यावर बसत. एका व्यापाऱ्याने तो तीनदा मागितला होता आणि तीनदा अप्पांनी नुसते हसून त्याला चहा पाजून परत पाठवले होते.

"घे खांद्यावर," अप्पा म्हणाले. "अंबूताईंकडे जायचंय."

"कशासाठी?"

"हा त्यांना द्यायला."

"पण अप्पा, त्यांनी काही मागितलेलंच नाही! त्या तर आपल्याला दोषही देत नाहीत."

"म्हणूनच जायचंय," अप्पा म्हणाले आणि वाटेला लागले.

वाट शेतांमधून होती. ज्वारी काढून झाली होती आणि मोकळ्या रानांवर ऊन थरथरत होते, त्यामुळे दूरची झाडे जमिनीपासून सुटून तरंगल्यासारखी दिसत. एरवी दिगंबर त्यातच हरवून गेला असता. आज खांद्यावरचे ओझे त्याला हरवू देत नव्हते. अप्पा काहीतरी बोलतील, याची तो वाट पाहत राहिला. तीन कोस अप्पा पुढे चालत राहिले.

अंबूताई ओसरीवर बसल्या होत्या. समोर गावातला सोनार होता आणि त्याच्या तराजूत दोन पाटल्या होत्या. बाईंचे मनगट उघडे होते. पाटल्यांच्या जागी कातडीवर फिकट वळ दिसत होता. पाहुणे पाहून त्या गडबडीने उठल्या, सोनाराला थांबायला सांगितले, पाणी आणले.

"अप्पा, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे तुमच्या माणसालाही उगाच मनस्ताप झाला. त्यांनी तरी काय करावं? बारा वर्षं मी सांभाळला म्हणत होते, आणि आतून सडू दिला. वेणूच्या आईनं सांगितलेली एक गोष्ट, तेवढीही हातून नीट झाली नाही. या पाटल्या मोडून दुसरा काहीतरी घेईन म्हणते. तिच्या आईचा नाही, पण निदान पोर रिकाम्या हातानं जायला नको."

अप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ते अंबूताईंकडे पाहत नव्हते आणि दिगंबरकडेही पाहत नव्हते. अंगणातल्या तुळशीकडे पाहत ते स्वस्थ बसून राहिले.

ती शांतता फार लांबली. दिगंबरला वाटले, आपण पुन्हा त्या हौदाच्या काठावर बसलो आहोत आणि समोर काहीतरी हळूहळू पसरत चालले आहे.

"ताई," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला दुरून आल्यासारखा वाटला. "गालिच्याला ओल लागलेली नव्हती."

त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"मी ऊन पाण्यात घातला. सोडा टाकला. रंग पक्का आहे का ते आधी पाहायचं असतं, ते मी पाहिलं नाही. तुमचा गालिचा चांगला होता. तुम्ही दिलात तेव्हा अगदी चांगला होता."

अंबूताई खाली बसल्या. पदर तोंडाशी धरून त्यांनी हळूच विचारले, "म्हणजे पेटीत पाणी गेलं नव्हतं?"

"नव्हतं, ताई."

"माझ्या हातून नाही गेला?"

"नाही."

त्या रडू लागल्या. आतून वेणू धावत आली. आत्याला अशी रडताना तिने कधी पाहिले नव्हते. तिने अंबूताईंच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मी नीट ठेवला होता. तुझ्या आईची वस्तू मी नीट ठेवली होती." आणि हेच त्यांनी दोन-तीनदा म्हटले.

मग त्यांनी डोळे पुसले, आणि दिगंबरकडे वळल्या तेव्हा चेहरा निराळा होता. "पाच दिवस झाले, मला झोप नाही. वेणूच्या होणाऱ्या सासूबाईंना मी जाऊन सांगून आले, की माझ्या हेळसांडीनं गेला. त्या म्हणाल्या, पोरीच्या आईची एवढी एक वस्तू, तीही सांभाळता आली नाही का? मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तुम्हाला एका शब्दानं सांगता आलं नाही?"

दिगंबरने मजुरीचे पैसे काढून ओसरीच्या कडेला ठेवले आणि हात जोडले.

अप्पांनी आपला गालिचा उलगडला. "ताई, हा वेणूसाठी. तुमच्या गालिच्याची बरोबरी याला यायची नाही, हे मला ठाऊक आहे. तोही माझ्याकडे परत द्या. लाल जेवढा काढता येईल तेवढा काढून देतो. सगळा निघणार नाही, हे आधीच सांगतो."

वेणू आत्याकडे पाहू लागली. अंबूताईंनी थोडा विचार केला, मान हलवली, आणि सोनाराच्या तराजूतून पाटल्या उचलून हातात घातल्या.

परतीच्या वाटेवर ऊन उतरले होते. हंसांचा गालिचा आता दिगंबरच्या खांद्यावर होता. बरेच अंतर चालल्यावर तो म्हणाला, "अप्पा, चूक माझी. मग तुमच्या गुरूंचा गालिचा का गेला? मी वर्षभर फुकट राबून फेडला असता."

"गालिचा माझ्या दारात आला होता," अप्पा म्हणाले. "लोक माझ्या नावावर विश्वासून देतात. हात तुझा असो की माझा, वस्तूची भरपाई माझ्याकडेच येते. ती मी केली. पण दिगंबर, नुकसान झालं की ते कुणाला तरी भरावंच लागतं. मागितलं नाही म्हणून ते मिटत नाही. आपण दोघांनी भरलं नाही, तेव्हा कोण भरत होतं?"

"अंबूताई."

"झोप देऊन, पाटल्या देऊन, लोकांची बोलणी खाऊन. आणि वर तुला मजुरी देऊन. वस्तूचं मोल मला देता आलं. पण त्या बाईंच्या मनावर तू जे ठेवलं होतंस, ते उचलायला माझा हात पोचत नव्हता. ते ज्यानं ठेवलं, त्यालाच काढावं लागतं. म्हणून मी तिथे गप्प बसलो."

घरी आल्यावर अप्पा नेहमीच्या जागी उघड्या फरशीवर बसले आणि त्यांनी दिवा लावला. कशाचीच उणीव नसल्यासारखे ते बसले होते. दिगंबरला मात्र त्या फरशीकडे पाहवेना.

सकाळी अप्पा उठले तेव्हा रिठे भिजत घातलेले होते, हौद स्वच्छ धुतलेला होता, आणि दिगंबर अंगात सदरा चढवून दारात उभा होता.

"कुठे निघालास?"

"वेणूच्या सासूबाईंकडे. अंबूताईंचं नाव तिथे अजून तसंच डागाळलेलं आहे."

अप्पांनी विचारले नाही, की गाव किती दूर आहे, किंवा तिथे काय ऐकून घ्यावे लागेल. त्यांनी फक्त कोनाड्यातली भाकरी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली. नदीवर धुके होते. दिगंबर त्यात शिरला, काही वेळ पुसट दिसत राहिला, आणि मग दिसेनासा झाला.

आपल्या चुकीबद्दल कुणी आपल्याला जाब विचारला नाही, तर सुटलो असे समजण्याआधी, आपल्याऐवजी तिची झळ कोण सोसत आहे, एवढे तरी जाऊन पाहावे.