आधी विचार, मग माग

वेळूच्या बनाला लागून बुरुडांची चार घरं होती. त्यातल्या सगळ्यात पिटुकल्या घरात सोनकी नावाची चिमुरडी आईबरोबर राहायची. आई टोपल्या विणायची, सोनकी त्यासाठी चिरलेल्या वेळूच्या कामट्या मोजून द्यायची. खायला कधी भाकरी, कधी नुसती पेज. पण सोनकीला त्याचं दुःख नव्हतं. तिला दुःख होतं परीक्षेचं.

सोनकी बोलू लागली की शब्द ओठांवर अडायचे. आणि शाळेतले विसूगुरुजी म्हणायचे, "हात बांधा, ताठ उभे राहा आणि सातचा पाढा एका दमात म्हणा! जमलं नाही तर शाळेची पाटी परत!" पाटी गेली म्हणजे शाळाच गेली. नवी कुठून आणणार? तिच्या वर्गातल्या भिवाचीही तीच गत. पाढे त्याला यायचे, पण एका जागी उभा राहील तर शपथ!

गुरुजी काही वाईट नव्हते बरं का. त्यांच्या गुरुजींनी त्यांची परीक्षा अशीच घेतली होती, म्हणून तेही तशीच घ्यायचे.

एका सोनेरी सकाळी सोनकी वेळू आणायला बनात गेली. तिथे एका चिरलेल्या वेळूत काहीतरी लुकलुकत होतं. बघते तर काय, करंगळीएवढी परी! अंगात पोपटी पानांचा झगा, केसांत दवाचे मोती आणि एक निळाजांभळा पंख फटीत अडकलेला. सोनकीने घाई केली नाही. फट हळूहळू रुंद करत तिने पंख अलगद सोडवला.

"गुणाची गं माझी बाय!" परी म्हणाली. "तीन इच्छा देते तुला. नियम दोनच. एका वेळी एकाचसाठी मागायचं. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचं, नाहीतर इच्छा उलटते."

सोनकी स्वतःसाठी मागणार होती, पण तिला काल रडणारा भिवा आठवला. ती घाईघाईने म्हणाली, "भि... भिवाला एका जागी उभं राहता येऊ दे."

चमचम चांदणं सांडलं. त्या दिवशी शाळेत भिवा अगदी खांबासारखा उभा राहिला. पण पाढा? "सात एके सात... सात..." पुढचं सगळं गुल! त्याचे डोळे भरून आले.

"तु... तुला काय हवं होतं भिवा?" सोनकीने विचारलं.

"माझे पाय कुणीतरी परत द्या गं! चालताना मला पाढा आठवतो. एका पावलाला एक."

सोनकीला फार लाज वाटली. विचारायचं राहूनच गेलं होतं. तशीच ती बनात धावली आणि दुसरी इच्छा मागून तिने भिवाचे पाय मोकळे केले.

आता उरली एकच इच्छा, आणि परीक्षा तर उद्यावर आलेली! स्वतःसाठी मागावं, तर भिवाची पाटी जाणार. भिवासाठी मागावं, तर स्वतःची. मग गुरुजींसाठीच काही मागितलं तर? पण त्यासाठी गुरुजींना विचारायला हवं. सोनकी भीतभीतच त्यांच्या घरी गेली.

गुरुजी मोगऱ्याला पाणी घालत होते.

"गु... गुरुजी, तु... तु... तुम्हाला काय हवंय?"

असं त्यांना आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तांब्या खाली ठेवून ते पायरीवर बसले.

"मला? कुणाला खरंच किती येतं, एवढं मला कळायला हवंय गं. माझ्यापुढे सगळी नुसती घाबरतात."

"मग वि... विचारा ना आम्हाला," सोनकी म्हणाली. "भिवाला चा... चालता चालता. मला हा... हातांनी."

गुरुजींनी तांब्या उचलून उरलेलं पाणी मोगऱ्याला घातलं. मग म्हणाले, "सोनकी, उद्या कामट्या घेऊन ये."

परीक्षेच्या दिवशी भिवाने अंगणात टपटप पावलं टाकत सातचा पाढा सत्तरपर्यंत नेला. सोनकीने सात-सात कामट्यांच्या जुड्या मांडल्या. गुरुजींनी विचारलं, "सात आठे?" तिने आठ जुड्या पुढे सरकवल्या आणि पाटीवर छप्पन्न लिहिलं. "आणि तेरा जुड्या केल्यास तर?" तिने क्षणभर बोटं हलवली आणि लिहिलं एक्याण्णव.

"अगं, हे तर मी शिकवलंच नव्हतं!" गुरुजी म्हणाले. "पाट्या तुमच्याच, बाळांनो." मग ते पुढच्या मुलीकडे वळले. "तुला कसं सांगायला आवडेल गं?"

संध्याकाळी सोनकी बनात गेली. परी वाटच पाहत होती.

"तुझी एक इच्छा उरलीय सोनकी. तुझी जीभ मोकळी करू? की दुसरं काही हवंय?"

सोनकीने खूप विचार केला. "मला बो... बोलायचंय. असंच. पण कु... कुणीतरी शेवटपर्यंत ऐकायला हवं."

परी तिच्या तळहातावर बसली. सोनकीने सगळं सांगितलं: भिवाचे पाय, गुरुजींचा तांब्या, एक्याण्णव, सगळं. शब्द अडले, थांबले, पुन्हा निघाले. परीने मध्ये एकही शब्द पुरवला नाही. शेवटचा शब्द आला तेव्हा सगळं बन हिरव्या-सोनेरी उजेडाने लख्ख झालं आणि परी त्या उजेडात विरून गेली.

सोनकी घरी निघाली. आता हेच सगळं आईला सांगायचं होतं, आणि ती मुळीच घाई करणार नव्हती.