मामंजींचा हुकमी उपाय

उचकीच्या बाबतीत आमच्या गावात मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, शब्द शेवटचा. लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्यांनी मला माहेरी पाठवलं नव्हतं. मला ना वडील, ना भाऊ. न्यायला येणार कोण? मामंजी म्हणायचे, "आठवण असती तर कुणीतरी आलं असतं."

एकदा चोरून दाण्याचा कूट खाताना मला उचकी लागली. चार माणसांदेखत मामंजींनी मला साखर चारली, श्वास धरायला लावला, सात घोट पाणी पाजलं. खरं तर उचकी साखरेनंच थांबली होती, पण मी ती चालू ठेवली.

"आता हुकमी उपाय," मामंजी म्हणाले. "आठवण काढणाऱ्याचं नाव घे. बरोबर असलं की थांबते. आजवर चुकलेलं नाही."

"आई," मी म्हणाले आणि उचकी थांबवली.

"बघा, थांबली!"

"थांबली, मामंजी. म्हणजे आई आठवण काढतेय. का उपाय चुकला?"

मामंजींनी चौघांकडे पाहिलं. "उद्याच्या एसटीनं जा," म्हणाले.

मी माहेरी पोचले तेव्हा आई दारात साखर चघळत बसली होती. कालपासून तिची उचकी थांबत नव्हती. मी नाव वगैरे घ्यायला लावलं नाही, नुसती पुढ्यात जाऊन उभी राहिले.