जुन्या डोहाची रुंद वाट

घाटमाथ्यावरच्या एका जंगलात एक म्हातारा वानर राहत असे, आणि तो राहत असे एकाच झाडावर. टेकाडावरच्या उंच उंबरावर त्याचे सारे आयुष्य गेले होते. भूक लागली की उंबरे खावीत आणि तहान लागली की पिकलेली, रसाळ उंबरे खावीत. त्यामुळे पाण्यासाठी खाली उतरण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. तरीही जंगलात पाणी कुठे आहे हे सगळे त्यालाच विचारत.

मुलांनो, यात हसण्यासारखे काही नाही. उंबराच्या शेंड्यावरून पाणी दिसत नसे, कारण दऱ्यांमध्ये झाडी दाट होती. पण उतारांवरच्या वाटा मात्र हातावरच्या रेषांसारख्या स्पष्ट दिसत. वानराने त्यावरून एक नियम बसवला होता. ज्या पाणवठ्याकडे जास्त वाटा जातात तो चांगला. वाट रुंद असेल तर अधिक चांगला. सशाची वाट येऊन मिळाली तर थोडा मान, गव्यांच्या कळपाची मिळाली तर मोठा मान. आणि वाट जितकी जुनी, तितका भरवसा जास्त. तुम्ही फोनवर काही शोधता आणि तो एकाखाली एक ठिकाणे दाखवतो, तेही बरेचसे असेच चालते. ठिकाण जुने असले आणि नावाजलेल्या ठिकाणांहून तिकडे येणाऱ्या वाटा पुष्कळ असल्या की ते वर चढते. तुम्ही मुकाट्याने वरचे पहिले उघडता. मीही तेच करतो.

नियम वाईट नव्हता. बरीच वर्षे तो खरा ठरला. सगळ्यांत रुंद वाट जात होती बेहड्याखालच्या जुन्या डोहाकडे आणि त्या डोहात एक कासवीण होती. ती भारी खाष्ट. कुणी भलत्या बाजूने पाण्यात उतरू लागले की ती ओरडे, "तिकडे गाळ आहे, डोळे फुटले का?" तिची बोलणी खात खात जंगलातल्या कित्येक पिढ्या तिथे पाणी प्यायल्या. मग एका वर्षी कासवीण मेली. पुढे डोहाला पाणी पुरवणारा पाझरही आटला. खाली खोल गाळ उरला आणि त्यावर हिरवीगार साय धरली. दुरून पाहणाऱ्याला तो पूर्वीसारखाच भरलेला वाटे. जवळपासच्या प्राण्यांना प्रकार कळला तसे ते एकेक करून खालच्या नदीकडे निघून गेले. वानराला मात्र कुणी काही सांगितले नाही. ज्याला पाणी मिळते तो पितो आणि चालू लागतो. मागच्यांची काळजी कोण करतो?

त्याच सुमारास एक कोल्हा तिथून चालला होता. डोहात एक डुक्कर रुतून बसले होते. कोल्हा काठावर बसला, डुकराचे ओरडणे थांबेपर्यंत बसून राहिला आणि मग त्याने पोटभर खाल्ले. परतताना त्याने त्या रुंद वाटा पाहिल्या आणि तो आपल्या भावांना म्हणाला, "म्हातारी गेली, पाणी गेलं. पण वाटा कुठे गेल्यात? आपल्याला वाटाच तर हव्यात."

तेव्हापासून सगळे कोल्हे रोज सकाळी शेपट्या जमिनीवर ओढत त्या वाटांवरून जात आणि येत. कुठे गवताचे पाते उगवू लागले की ते तिथेच तुडवले जाई. धुळीने माखलेल्या वाटा उंबरावरून अशा ठळक दिसत, की वानराला आपल्या नियमाचा अभिमान वाटे. तो म्हणे, "इतकी वर्षं झाली, पण डोहाची वर्दळ काही कमी होत नाही."

आता त्याच जंगलात दुसऱ्या बाजूला एका काळ्या कातळाखाली एक खेकडा राहत होता. बीळ उकरता उकरता त्याला आत ओल लागली. त्याने आणखी उकरले आणि एके दिवशी झऱ्याची धार बाहेर आली. पाणी थंड, गोड आणि वाहते. खेकड्याला राहवेना. पाठीवर ओले शेवाळ घेऊन तो ठिबकत ठिबकत उंबराखाली आला आणि बुंध्यावरून कसाबसा वर चढला.

"आजोबा, माझ्याकडे झरा फुटलाय. कुणी पाणी विचारलं तर त्यांना इकडे पाठवा."

"झऱ्याचं वय किती?" वानराने विचारले.

"नवाच आहे."

"तिकडे वाटा किती येतात?"

"एकही नाही. पण आजोबा, वाट पडायला आधी कुणीतरी यायला हवं ना?"

"बरोबर. वाट पडली की ये, मग पाठवीन," वानर म्हणाला. "आणि अरे, खोड ओलं करू नकोस. माझा हात घसरतो."

उन्हाळा ऐन भरात होता, पाचोळा पायाखाली कुरकुरत होता आणि त्या वानराच्या हाताला पाणी लागले होते. ते आले कुठून, एवढे विचारायचे त्याला सुचले नाही. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त राग याच जागी येतो. कोल्हा दुष्ट होता, ते सोडा. वानर दुष्ट नव्हता.

मग पलीकडच्या डोंगरावर वणवा लागला. जे जगले ते प्राणी जीव घेऊन या जंगलात शिरले. त्यांना इथला दगडही ओळखीचा नव्हता. त्यांत एक हरिणी होती आणि तिच्यामागे अडखळत येणारे तिचे पाडस होते. पाडसाची जीभ बाहेर आली होती. उंबराखाली येऊन हरिणीने विचारले, "आजोबा, पाणी कुठे मिळेल? माझं लेकरू आता फार चालणार नाही."

"समोरची रुंद वाट धर. बेहड्याखालचा डोह. या जंगलात तिच्याइतकी जुनी वाट दुसरी नाही," वानर म्हणाला. हे त्याने अगदी मनापासून सांगितले.

पुढे जिथे वाट सोडून झऱ्याकडे वळायचे तिथे खेकडा उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्यांना तो सकाळपासून हाका मारत होता. उन्हात उभे राहून त्याच्या पाठीवरचे शेवाळ वाळून भुगा झाले होते.

"हरिणीताई, तिकडे जाऊ नका. इकडे कातळाखाली झरा आहे."

"तिथे कोण कोण येतं?"

"अजून कुणी नाही."

हरिणीने त्याच्या कोरड्या पाठीकडे पाहिले. मग डाव्या बाजूच्या, गुडघाभर गवताने भरलेल्या उताराकडे पाहिले. मग पाडसाकडे पाहिले. ती म्हणाली, "तुझं खरंही असेल रे. पण याच्यात आता एकाच ठिकाणी जाण्याइतकं बळ उरलंय. तिथे पाणी नसलं तर परत फिरायचं बळ नाही. म्हणून सगळे जातात तिकडेच जाते." तिचे चुकले असे मला म्हणवत नाही. तिच्या जागी तुम्ही काय केले असते, ते एकदा मनाशी विचारून पाहा.

डोहाच्या काठी कोल्हा सभ्यपणे बसला होता. "या ताई, दमलात," तो म्हणाला. "कडेचं पाणी गढूळ आहे. थोडं आत जा, मधे गार आहे."

ती आई होती. तिने पाडसाला काठावर थांबवले आणि पाणी कसे आहे ते बघायला आधी आपण उतरली. हिरवी साय फाटली आणि तिचे पुढचे पाय गाळात गेले. ते उपसायला तिने जोर लावला तसे मागचेही गेले. बघता बघता चिखल पोटाला लागला. झुडपांतून बाकीचे कोल्हे बाहेर आले आणि काठावर ओळीने बसले. त्यांना घाई नव्हती. त्यांचे काम गाळ करत होता.

हरिणीने मान वळवली. तिचा आवाज शांत होता. "बाळा, तो खेकडा आठवतो ना? त्याच्याकडे जा. वाटेने जाऊ नकोस, गवतातून जा."

"तू?"

"मी मागून येते."

पाडस निघाले. एका कोल्ह्याने उठून त्याच्याकडे पाहिले, पण मोठा म्हणाला, "बस खाली. एवढंसं तर आहे, पडेल वाटेतच. इथलं सोडून कुठे चाललास?" पाडस थोडे गेले आणि थांबले. मागून येणाऱ्या पावलांची त्याने वाट पाहिली. पावले आली नाहीत. मग त्याला एकदाच आईचा आवाज आला आणि नंतर तोही आला नाही.

ते पडत, उठत खेकड्यापर्यंत पोचले. तो तिरका तिरका गवतातून पुढे चालला आणि पाडस त्याच्यामागे गेले. कातळाखाली पाणी होते. पाडस प्याले, थांबले, पुन्हा प्याले. आईसाठी थोडे ठेवावे असे त्याला वाटले असावे, कारण मधेच त्याने तोंड काढून मागे पाहिले. झरा तर वाहताच होता. ठेवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी वणव्यातून वाचलेला गव्यांचा कळप आला. वानराने रुंद वाट दाखवली. पाडस पाणी पिऊन खेकड्याच्या त्या जागी, वाटेवर येऊन उभे होते.

"तिकडे पाणी नाही," ते म्हणाले. "माझी आई तिकडे गेली आणि आली नाही."

पुढच्या दांडग्या गव्याने विचारले, "म्हणजे वानर खोटं बोलतो का?"

"नाही. त्याला माहीत नाही."

"इतक्या वर्षांची वाट, म्हणे माहीत नाही!" गवा म्हणाला आणि चालू लागला. त्याच्यामागे कळप चालला. प्रत्येकाच्या खुरांनी वाट आणखी थोडी रुंद झाली. परत न येणाऱ्यांच्या खुरांनीही वाट रुंदच होते, हे त्यांच्यातल्या कुणाच्या मनात आले नाही.

सगळ्यांच्या मागे एक म्हातारी गवी लंगडत येत होती. ती पाडसापाशी थांबली. तिने नाक पुढे करून त्याचे तोंड हुंगले. तोंड ओले होते. हनुवटीवरून अजून एक थेंब ओघळत होता.

"थांबा रे," तिने कळपाला हाक मारली. "याचं तोंड ओलं आहे." तिने पुन्हा हाक मारली. कळपात तिची लेक होती आणि लेकीचे वासरू होते. लेकीने एकदा मागे पाहिले, मग पुढच्या रुंद वाटेवरच्या त्या मोठ्या पाठी पाहिल्या आणि ती त्यांच्यामागे गेली. म्हातारी बराच वेळ तिथेच उभी राहिली. शेवटी ती एकटीच गवतात उतरली.

संध्याकाळी वानराने नेहमीप्रमाणे चहूकडे नजर फिरवली. डोहाच्या वाटेवर ताज्या धुळीचा लोट होता. इतकी वर्दळ त्याने कधी पाहिली नव्हती. डावीकडच्या उतारावर गवतात एक बारीक रेघ त्याला प्रथमच दिसली.

"नवी दिसते," तो स्वतःशी म्हणाला. "जुनी झाली की बघू." आणि त्याने एक उंबर तोंडात टाकले.

तात्पर्य : वाट जुनी आहे आणि तिच्यावरून पुष्कळ जण गेले आहेत, एवढ्यावरून पुढे पाणी असेल असे मानू नये, सांगणाऱ्याचे तोंड ओले आहे का, ते आधी पाहावे.