आधी पागोटं, मग धोतरं

एका गाढवापायी भिवरा परटिणीला आठ रुपये दंड झाला. गाढवाचा दोष एवढाच, की ते पांढरंशुभ्र होतं आणि भर बाजारात नेमकं भिवरासमोर येऊन उभं राहिलं!

गावात मोरोशेटची पेढी होती. लोक तिथे पैसे ठेवायचे आणि दुकानदाराला रोख न देता चिठ्ठी द्यायचे. संध्याकाळी पेढी त्या चिठ्ठ्यांचे पैसे चुकते करी. ठेव कमी पडली तरी मोरोशेट चिठ्ठी परतवत नसे. पदरचे पैसे घाली, आणि अशा दर चिठ्ठीमागे रुपया दंड लावी. भिवराचे पेढीवर दहा रुपये होते. सकाळपासून तिने धुण्याचा खार, नीळ, सरपण, मीठमिरची अशा आठ-आठ आण्यांच्या आठ चिठ्ठ्या दिल्या. तिथवर सगळं ठीक होतं. उन्हं कलताना गाढव दिसलं, आणि बाईने दहा रुपयांची नववी चिठ्ठी देऊन टाकली.

आल्या क्रमाने पैसे चुकते केले असते, तर कमी पडायची ती ही एकच चिठ्ठी. पण मोरोशेटने संध्याकाळी चिठ्ठ्यांची चळत उपसली आणि सगळ्यात मोठी आधी वर काढली. दहाच्या दहा रुपये गाढवाने खाल्ले! सकाळच्या आठही चिठ्ठ्यांना मग छदाम उरला नाही. आठ चिठ्ठ्या, आठ रुपये! वर दंड वसूल होईपर्यंत शेटने भिवराचा कपडे उकळायचा, भट्टीचा तांब्याचा हंडाच उचलून नेला. हंड्याशिवाय भट्टी लागेना, आणि भट्टीशिवाय घरात चूल पेटायची नाही. भिवरा तडक दरबारात गेली.

"गाढव बघितलं आन् हात आवरला न्हाई, म्हाराज. चूक माजी," ती म्हणाली. "त्येचा एक रुपया देते. पर शेवटची चिठ्ठी आधी काढून आठ कशापायी?"

रणधीरराजे मोठे हट्टी. त्यातून हिशोब म्हटला की त्यांचं डोकं उठे.

"खर्च तू केलास, भुर्दंड तूच भर!" ते गरजले. "काय मोरोशेट?"

"लाख बोललात महाराज!" मोरोशेटने हात जोडले. "ही उधळपट्टी करणार आणि बोल पेढीला लावणार! चिठ्ठ्या हिच्या, पैसे हिचे. कुठलीही चिठ्ठी आधी घ्या, क्रमाने काय बिघडतं?"

"कायबी बिघडत न्हाई?" भिवराने विचारलं.

"काडीचंही नाही!"

"मग मी दाखवते बिघडतं ते!"

राजे कावले. "दाखव! पण एकही आकडा तोंडातून काढायचा नाही. कागद नको, वही नको. सोमवारपर्यंत मला पटलं नाही, तर हंडा कायमचा शेटचा. तोवर मात्र तो हिला परत द्या."

आकड्याशिवाय हिशोब पटवायचा! दरबारी मिशीतल्या मिशीत हसले. भिवरा हंडा डोक्यावर घेऊन घरी गेली.

शनिवारी मोरोशेटचं धुणं आलं. परटिणीशी भांडण असलं तरी तिला वर्षाचं धान्य आधीच दिलेलं, ते फुकट कसं घालवायचं? गठ्ठ्यात चार धोतरं, दोन अंगरखे, एक उपरणं आणि एक लंगोट, सगळं पांढरं. आणि वर नवंकोरं लालभडक कुसुंबी पागोटं, चांगलं चाळीस हात लांब! कुसुंबी रंग पाण्याला लागला की सुटतो, हे परटाच्या पोरालाही ठाऊक असतं. भिवराने पागोट्याकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं, आणि ती अशी हसली की नवरा घाबरून बाहेर जाऊन बसला.

सोमवारी ती गठ्ठा घेऊनच दरबारात आली.

"शेटजी, तुमचं धुणं. घरी यायला येळ न्हवता, हितंच मोजून घ्या."

तिने गाठ सोडली. धोतरं निघाली, गुलाबी! अंगरखे गुलाबी, उपरणं गुलाबी! शेवटी तिने लंगोट दोन बोटांत धरून वर केला, तोही गुलाबी! दरबार खो खो हसू लागला. मोरोशेटचा चेहरा मात्र कुसुंबी झाला.

"अगं अवदसे! हे काय केलंस?"

"धुतलं की. सगळ्यात मोठा कपडा आधी. आधी पागोटं, त्याच पान्यात मग बाकीचं."

"पागोटं आधी? पांढरं आधी धुतात, रंगीत मागून! एवढं कळत नाही?" शेट थयथयाट करू लागला. "महाराज, ही चूक नाही, लबाडी आहे! हिने मुद्दाम क्रम उलटा केला, म्हणून सगळ्या कपड्यांना डाग लागले!"

"असं कसं, शेटजी?" भिवरा शांतपणे म्हणाली. "कपडे त्येच, पानी त्येच, खार त्योच. क्रमानं काडीचं बिघडत न्हाई, तुमीच म्हनालात!"

मोरोशेट गुलाबी धोतरं घाईघाईने गठ्ठ्यात कोंबू लागला.

"रंग पागोट्याचा व्हता, म्हाराज, तशी चूकबी माजीच व्हती," भिवरा पुढे म्हणाली. "पर बाकीच्यांना डाग लागला त्यो उलटं धुनाऱ्या हातामुळं."

राजांनी शेटच्या गुलाबी लंगोटाकडे पाहिलं. मग असे हसले, की त्यांचं स्वतःचं पागोटं मांडीवर घरंगळलं!

"पटलं, बाई, पटलं! शेट, आजपासून चिठ्ठी जशी आली तशी चुकवायची. आणि उलटा क्रम लावून ज्याचा ज्याचा दंड घेतलात, तो परत करा!"

भिवराने कनवटीचा एक रुपया काढून मोरोशेटसमोर ठेवला. "ह्यो गाढवाचा. माजा मला फेडू द्या."

"आणि माझे कपडे?" शेट रडकुंडीला आला. "हे डाग निघतील का गं?"

"निघत्याल की! दर तुमच्याच पेढीचा. नगाला एक रुपया!"

राजांना हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "शेट, मोजा आठ रुपये! आणि भिवरा, उद्यापासून राजवाड्याचं सगळं धुणं तुझ्याकडे. त्याला दोन नवे हंडे आमच्याकडून घेऊन जा. फक्त एक कर गं बाई, आमचं पांढरं तेवढं आधी धूत जा!"