गोमाच्या होडीची नावं

माणसं होड्यांशी बोलत आणि होड्या उलट उत्तर देत, त्या काळातली ही गोष्ट. गोमा तांडेलाची एक जुनी होडी होती. पाहुण्यांपुढे तो तिला गलबत म्हणे. नारळी पुनवेला हार घालून नौका म्हणे. शेजाऱ्याने उसनी मागितली की मात्र लगेच म्हणे, "अहो, फुटकं होडकं ते!" होडी सगळ्या नावांना ओ देई.

एका सकाळी गोमा कुऱ्हाड घेऊन किनाऱ्यावर आला. सोबत आलेल्या बायकोला म्हणाला, "नुसतं सरपण झालंय हिचं. फोडतो आणि चुलीत घालतो."

होडी भडकली. "गलबत म्हणालास, मी फुगले नाही. होडकं म्हणालास, रुसले नाही. पण सरपण? परवा वादळात माझ्या तळाशी पालथा पडून मला काय म्हणत होतास, ते सांग की बायकोला!"

गोमा कुऱ्हाडीची धार चाचपू लागला.

"आई म्हणत होतास! 'आई, घरी ने.' तेव्हाही फळ्या ह्याच होत्या आणि भोकंही हीच होती. नेलं की नाही घरी? आता खुशाल घाल घाव. पण तीच हाक मारून घाल!"

गोमाने कुऱ्हाड उचलली, तोंड उघडलं. तोंडातून शब्द फुटेना, आणि हात काही खाली येईना.