स्प्रिंगची पिन

"चार हजार काय?"

"म्हणजे?" निनादने विचारलं.

"स्प्रिंगच्या प्लेटवर चार हजार लिहिलंय. चार हजार काय?"

इनामदार बाई पाइपाला खालून पेलणाऱ्या स्प्रिंगकडे बघत होत्या. निवृत्त झाल्या, तरी नवी लाइन सुरू होताना त्यांना बोलावतात. निनाद त्यांचा शिष्य. आता आमचा साहेब.

"न्यूटन, बाई. पाइपाचं वजन चारशे किलो, म्हणजे जोर साधारण चार हजार न्यूटन. मीच काढलाय."

"प्लेटवर किलो आहे."

वर परांचीवर रफीकभाई होते. दाबलेली स्प्रिंग एका पिनने अडवून ठेवलेली. ती पिन काढायची, स्प्रिंग मोकळी करायची, की पंप सुरू.

"साहेब, पिन हलत नाही! घण घालू?"

"थांबा जरा!"

निनादने एकदा प्लेट पाहिली, एकदा मागे उभ्या मॅनेजरांकडे. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मागवताना एकक बघायचं राहिलं. पण बाई, चूक झाली ती सुरक्षित बाजूला. दहापट आधार! उलट बरंच झालं."

मला पटलं. भर मे महिन्यात लेकीला टोपरं घालून निजवणारी बाई मी, मला पटणारच.

बाईंनी उजवा हात आडवा धरला.

"खालून धर."

त्याने तळवा लावला.

"पेलतोस?"

"पेलतो की."

"आता जोर लावून वर ढकल."

"बाई, अहो…"

"ढकल."

त्याने ढकललं. बाईंचं कोपर वर गेलं, खांदा कानाला टेकला. तोंड वाकडं झालं, पण हात त्यांनी काढला नाही.

"थांबलास का? दहापट म्हणालास ना? हा दुप्पटही नाही."

निनाद बाईंच्या खांद्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर हळूच वळली… पाइप जिथे पंपाच्या तोंडाला बोल्टांनी आवळला होता, तिथे.

"साहेब, घालतो एक घाव!"

"नको! रफीकभाई, नको! हात लावू नका, खाली या आधी!"

घण हवेतच थांबला.

मॅनेजर तरातरा आले. "आता काय झालं? वरच्यांना मी आजचा शब्द दिलाय, निनाद!"

"एक मिनिट, सर."

तो बाईंजवळ सरकला.

"बाई… स्प्रिंग कमी पडतेय म्हणू? ते कुणालाही पटेल. एककाची चूक निघणार नाही, नाव तरी राहील माझं."

बाई खांदा चोळत होत्या.

"जास्त झाली म्हण."