रॉल्फसाहेबांचा पहिला घास

आचारी वॉल्टर उद्या सकाळी फासावर जाणार होता. गुन्हा काय, तर इंग्लंडच्या राजाचा लाडका सरदार रॉल्फ याला तो भर स्वयंपाकघरात ‘आयतोबा’ म्हणाला.

खोटं कुठे होतं? रॉल्फ मूळचा राजाची शिकारी कुत्री सांभाळणारा. गळा गोड, बोलणं त्याहून गोड. राजा भाळला आणि स्वारी थेट राजाच्या उजव्या हाताला जाऊन बसली. किल्ला मिळाला, जहागीर मिळाली. वर राजाच्या जेवणातला पहिला घास चाखायचा मान! ‘विष असलं तर आधी मी मरेन,’ असं तो छाती ठोकून सांगायचा आणि चांगले चांगले तुकडे मटकावायचा.

वॉल्टरची मुलगी सिसिली राजवाड्यात वाढपी होती. तिने राजाचे पाय धरले. “महाराज, माझ्या बाबांना सोडा. रॉल्फसाहेब तुम्हाला वाटतात तसे नाहीत.”

राजा हट्टाला पेटला. “मग सिद्ध कर. पण त्याच्याविरुद्ध एक वाईट शब्द काढायचा नाही आणि खोटंही बोलायचं नाही. नाही जमलं, तर बापाच्या शेजारी तूही लटकशील.”

संध्याकाळचं सूप सिसिलीने स्वतः रांधलं, भरल्या पंगतीत वाडगा रॉल्फपुढे ठेवला आणि त्याच्या कानाशी लागून हळूच काहीतरी पुटपुटली.

रॉल्फ पांढराफटक पडला. त्याने पोट धरलं. “महाराज, आज माझं पोट बिघडलंय. आपणच सुरुवात करा. वास झकास येतोय.” वाडगा त्याने राजाकडे सरकवला.

राजाने चमचा उचलला, तोच सिसिलीने त्याचा हात धरला.

“महाराज, मी त्यांना एवढंच म्हटलं, ‘साहेब, आज हे सूप खाऊ नका.’ त्यांनी ऐकलं. पण तुम्हाला सांगितलं नाही.”

राजाने रॉल्फकडे पाहिलं. रॉल्फ हळूच दाराकडे सरकू लागला.

“म्हणजे तू विष घातलंस?” राजा सिसिलीवर गरजला.

सिसिलीने वाडगा तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. मग तोंड वेडंवाकडं करत म्हणाली, “विष कसलं, महाराज? मीठ जास्त झालंय. आमच्या घरी मिठाचा अंदाज फक्त बाबांना, आणि ते तर तुमच्या तुरुंगात!”

राजाला हसू आवरेना. वॉल्टर तिथल्या तिथे सुटला, रॉल्फच्या किल्ल्याच्या किल्ल्या सिसिलीच्या हातात पडल्या.

“आणि रॉल्फ,” राजा डोळे पुसत म्हणाला, “पातेलं अजून अर्धं भरलंय. तेवढं संपव आणि मग चालता हो.”